उंबरठ्यापलीकडचा रोगी

जालन्याला सरकारी वैद्यकीय महाविद्यालय झाले, ही बातमी आता जुनी झाली. २०२४ साली राज्यात दहा नवी सरकारी महाविद्यालये एकदम सुरू झाली, त्यांत आमचे एक. शंभर विद्यार्थ्यांची पहिली तुकडी आली आणि लोखंडी सळया, बियाणे व मोसंबी यांच्यासाठी ओळखल्या जाणाऱ्या गावात डॉक्टर घडू लागले. बदनापूरजवळ वरुडीला खासगी महाविद्यालय होतेच. पण सरकारी ते सरकारी. रोगी जरा अत्यवस्थ झाला, की त्याला गाडीत घालून संभाजीनगरच्या घाटी रुग्णालयाचा रस्ता धरायचा, हे ज्यांनी आयुष्यभर केले त्यांना आनंद होणारच. चौकाचौकांत चर्चा झाली ती इमारत कुठे उभी राहणार, खाटा किती, यंत्रे कोणती येणार याची. या पोरांना तिथे नेमके शिकवणार काय, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारला नाही.

त्यांच्या अभ्यासक्रमात एक कलम आहे, ते सामान्य माणसाला ठाऊक नसते. पहिल्या वर्षापासूनच प्रत्येक विद्यार्थ्याने एखाद्या खेड्यातली काही कुटुंबे पत्करायची, त्यांच्या घरी जायचे आणि शिक्षण चालू असेपर्यंत त्या माणसांच्या प्रकृतीशी नाते ठेवायचे. २०२२ पासून हे कलम देशभरच्या वैद्यकीय महाविद्यालयांत आले. त्याआधी, २०१९ पासून, रोग्याशी कसे बोलावे, त्याची संमती कशी घ्यावी, वाईट बातमी कशी सांगावी, हेही अभ्यासक्रमात रीतसर दाखल झाले. रोगाकडे पाहता पाहता रोगी नजरेआड होऊ नये, एवढाच या सगळ्याचा मथितार्थ.

नियम नवे आहेत. कल्पना नवी नाही. समृद्धी महामार्गाने आमच्याकडून नागपूरच्या बाजूला निघाले, की वर्धा जिल्हा लागतो. तिथल्या सेवाग्राम नावाच्या खेड्यात ही गोष्ट कितीतरी दशके आधीपासून चालत आली आहे. ती तिथे रुजवणाऱ्या बाईंचे नाव डॉ. सुशीला नायर. गांधीजींच्या डॉक्टर म्हणून ते नाव पुष्कळांनी ऐकलेले असते. पण डॉक्टर होऊ पाहणाऱ्या मुलांना माणूस पाहायला शिकवता येते का, या एका प्रश्नामागे त्यांनी आयुष्याची अखेरची तीस वर्षे घातली, हे फार थोड्यांना ठाऊक असते. म्हणून आज त्यांची जीवनकथा सांगावीशी वाटते.

सुशीलाबेनचा जन्म २६ डिसेंबर १९१४ चा. पंजाबातल्या गुजरात जिल्ह्यातले कुंजाह हे त्यांचे गाव आज पाकिस्तानात आहे. थोरले भाऊ प्यारेलाल शिक्षण सोडून असहकाराच्या लाटेत उतरले आणि पुढे गांधीजींचे चिटणीस म्हणून त्यांच्याच सावलीत राहिले. त्यामुळे गांधी हे नाव या घरात वर्तमानपत्रातून आले नाही. ते घरच्या मुलाच्या रूपाने आले. सुशीलाबेननी गांधीजींना लहानपणीच लाहोरला पाहिले होते. पुढे दिल्लीच्या लेडी हार्डिंग मेडिकल कॉलेजात त्या शिकल्या, एम.बी.बी.एस. आणि एम.डी. झाल्या. त्या काळात मुलीने डॉक्टर होणे हीच मोठी गोष्ट होती. दिल्लीत दवाखाना थाटला असता तर प्रतिष्ठा आणि पैसा दोन्ही चालून आले असते. त्या आल्या वर्ध्याजवळच्या खेड्यात, भावापाशी.

या खेड्याचे मूळ नाव शेगाव. गांधीजी १९३६ साली तिथे राहायला आले. आपल्या शेजारच्या बुलढाणा जिल्ह्यातले शेगाव आणि हे शेगाव यांत टपालाचा घोटाळा होई, म्हणून १९४० मध्ये त्याचे सेवाग्राम झाले. सुशीलाबेन आल्या त्या सुमारास वर्ध्याकडे पटकीची साथ पसरली. कॉलेजातून नुकतीच बाहेर पडलेली ही मुलगी जवळजवळ एकटीच त्या साथीला भिडली. पटकीच्या साथीत डॉक्टरच्या हाती औषधापेक्षा महत्त्वाच्या दुसऱ्याच गोष्टी असतात: विहीर कोणती, पाणी कोण उकळते, आजाऱ्याचे कपडे कुठे धुतात, आणि देवीचा कोप मानणारी सासू सुनेला दवाखान्यात जाऊ देते की नाही. दिल्लीच्या वॉर्डात यातले काहीच दिसत नाही. तिथे रोगी येतो तोच मुळी आपले घर, विहीर आणि सासू बाहेर ठेवून.

आश्रम हेही एक विलक्षण रुग्णालयच होते. गांधीजींना आजाऱ्यांची शुश्रूषा करण्याची मनापासून हौस होती. संस्कृतचे पंडित परचुरे शास्त्री कुष्ठरोगाने पीडित होऊन आश्रमाच्या आसऱ्याला आले, तेव्हा गांधीजींनी त्यांना आपल्या कुटीजवळ जागा दिली आणि स्वतःच्या हातांनी त्यांना मालीश केले. त्या काळी कुष्ठरोग्याची सावलीही लोक टाळत. या रोगाला पुरते हटवणारे औषध तेव्हा हाताशी नव्हते. म्हणजे डॉक्टरच्या अर्थाने करण्याजोगे फार थोडे होते. तरीही माणसासाठी करण्याजोगे खूप उरते, हे एका तरुण डॉक्टरला रोज डोळ्यांसमोर दिसत होते. कोणत्याही पाठ्यपुस्तकात हा धडा नव्हता.

दुसरा धडा खुद्द गांधीजींनी दिला, तो रोगी म्हणून. सुशीलाबेन त्यांच्या खासगी डॉक्टर झाल्या खऱ्या. पण इतका अवघड रोगी कोणाच्या वाट्याला आला नसेल. रक्तदाबाचा त्रास आहे, उपवास करायचे आहेत, मातीच्या पट्ट्यांवर विश्वास आहे, औषधांवर नाही. आपल्या शरीराचे काय करायचे ते आपण ठरवणार, यावर ठाम. अशा रोग्याला डॉक्टरचा हुकूम चालत नाही. त्याला समजावावे लागते, त्याचे ऐकून घ्यावे लागते, आणि पटले नाही तरी त्याच्या बाजूला बसून राहावे लागते. आज वैद्यकीय शिक्षणात रोग्याची स्वायत्तता नावाचा धडा असतो. सुशीलाबेननी तो एका माणसाकडून, रोज सकाळ-संध्याकाळ, अनेक वर्षे घेतला.

या शिक्षणाची खरी कसोटी पुण्यात लागली. ऑगस्ट १९४२ मध्ये छोडो भारत आंदोलनात कस्तुरबांच्या बरोबरच सुशीलाबेनना मुंबईत अटक झाली आणि दोघींना आगाखान पॅलेसमध्ये गांधीजींजवळ आणून ठेवले. तिथे आठवडाही झाला नव्हता तोच, १५ ऑगस्टला, महादेवभाई देसाई हृदयविकाराच्या झटक्याने गेले. जवळ डॉक्टर होती ती सत्तावीस वर्षांची ही मुलगी. उपचाराला म्हणावा असा वेळही मिळाला नाही. पुढच्या वर्षी, फेब्रुवारी १९४३ मध्ये, गांधीजींनी एकवीस दिवसांचा उपवास केला. तोवर मुंबईचे हृदयरोगतज्ज्ञ डॉ. गिल्डर यांनाही कैदी म्हणून तिथे आणले गेले होते. सरकारी डॉक्टर एकीकडे, आपले डॉक्टर दुसरीकडे, आणि मधे एक सत्तरी ओलांडलेला माणूस, जो मरण पत्करायला तयार होता पण उपवास सोडायला तयार नव्हता.

मग कस्तुरबांचे आजारपण आले. हृदय आणि फुप्फुसे दोन्ही थकलेली. बंदिवासात त्यांना कॅरमचा नाद लागला होता. बरे असले की सोबतचे लोक त्यांच्याशी खेळत. प्रकृती ढासळत गेली तशी कस्तुरबांच्या इच्छेचे महत्त्व वाढत गेले: कोणाला भेटायचे, कोणाच्या हातचे औषध घ्यायचे, कोणता वैद्य हवा. डॉक्टरांचा इलाज चालू असतानाही वैद्यांना आणण्याची मागणी झाली आणि ते आलेही. अगदी शेवटी पेनिसिलीन आले. त्या काळी ते औषध दुर्मिळ. मुलगा देवदास यांनी ते खटपटीने मिळवले होते. मात्र ते ठराविक तासांनी टोचत राहावे लागणार होते. जिची घडी भरत आली आहे, तिला आता सुयांचा त्रास कशाला, असे गांधीजींचे मत पडले आणि औषध न देण्याचे ठरले. २२ फेब्रुवारी १९४४ रोजी, महाशिवरात्रीच्या दिवशी, कस्तुरबा गेल्या.

या निर्णयावर आजही मतभेद होतात आणि ते व्हायलाही हवेत. मुलाची तगमग खरी होती, नवऱ्याचा विचारही खरा होता. आणि जी अंथरुणावर होती तिचा शब्द या दोघांच्या मध्ये कुठे होता, हा प्रश्न त्याहून खरा. आपल्या घरांतही हे घडते. अतिदक्षता विभागाच्या दारात भाऊ-बहिणी उभे असतात. व्हेंटिलेटर लावायचा की नाही, आणखी एक ऑपरेशन करायचे की घरी न्यायचे, यावर कुजबुज चालते. आत पडलेल्या वडिलांना कोणी विचारलेले नसते. असा प्रसंग सांभाळायला डॉक्टरला रसायनशास्त्राहून वेगळे काहीतरी यावे लागते. सुशीलाबेन हे सगळे वयाच्या तिशीआधी पाहून बसल्या होत्या. त्या बंदिवासाची हकिकत त्यांनी पुढे पुस्तकरूपाने लिहिली.

सुटका झाल्यावर त्या सेवाग्रामला परतल्या आणि १९४४ मध्ये त्यांनी आश्रमात छोटा दवाखाना उघडला. खेड्यापाड्यांतून इतकी माणसे येऊ लागली, की आश्रमाची शांतता मोडली. तेव्हा बिर्लांनी दिलेल्या अतिथिगृहात तो हलवला आणि १९४५ मध्ये त्याचे कस्तुरबा रुग्णालय झाले. पुढच्याच वर्षी नोआखालीत दंगली उसळल्या. गांधीजींनी आपल्या सहकाऱ्यांना तिथल्या एकेका गावात एकेकटे बसवले. सुशीलाबेन त्यांत होत्या. ज्या मुलखात हिंदू-मुसलमान एकमेकांच्या सावलीला भीत होते, तिथे त्यांनी औषधाची पेटी उघडली आणि येईल त्याला औषध दिले. १९४७ च्या ऑगस्टमध्ये गांधीजींनी त्यांना पश्चिम पंजाबातल्या वाह येथील निर्वासितांच्या छावणीत ठेवले. ३० जानेवारी १९४८ रोजी गांधीजींवर गोळ्या झाडल्या गेल्या तेव्हा त्या दिल्लीत नव्हत्या. पाकिस्तानातल्या बहावलपूरला तिथल्या अल्पसंख्याकांची विचारपूस करायला गेल्या होत्या.

यानंतर त्या अमेरिकेत गेल्या आणि बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठातून सार्वजनिक आरोग्याच्या दोन पदव्या घेऊन आल्या. हॉपकिन्स ही वैद्यकशिक्षणातली पंढरीच. डॉ. विल्यम ऑस्लर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस विद्यार्थ्यांना व्याख्यानाच्या दालनातून उठवून रोग्याच्या खाटेपाशी उभे केले ते तिथेच. पुढे १९२७ मध्ये बोस्टनचे डॉ. फ्रान्सिस पीबॉडी यांनी, स्वतः कर्करोगाने आजारी असताना, एक निबंध लिहिला. रुग्णालयात आणलेला माणूस त्याच्या घरापासून तुटतो आणि डॉक्टरला दिसतो तो नुसता आजार, ही त्यांची तक्रार होती. आपल्याकडेही १९४६ च्या भोर समितीने समाज जाणणाऱ्या डॉक्टरची गरज सांगितली होती. म्हणजे दुखणे सर्वांना कळले होते. औषध काय, हे ठरत नव्हते. ऑस्लरनी विद्यार्थ्याला खाटेपर्यंत आणले. खाटेपासून घरापर्यंतचे अंतर तसेच राहिले होते.

मायदेशी परतल्यावर सुशीलाबेननी फरीदाबादला क्षयरोग्यांसाठी काम उभे केले, आणि मग राजकारणाने त्यांना ओढले. १९५२ मध्ये त्या दिल्ली राज्याच्या आरोग्यमंत्री झाल्या, १९५५ मध्ये तिथल्या विधानसभेच्या अध्यक्ष. १९५७ मध्ये झाशीतून लोकसभेवर गेल्या आणि १९६२ ते १९६७ केंद्रीय आरोग्यमंत्री होत्या. याच काळातली एक गोष्ट सांगायलाच हवी. १९६५ मध्ये कुटुंबनियोजनासाठी लूप बसवण्याची देशव्यापी मोहीम सुरू झाली. राज्यांना, जिल्ह्यांना आकडे ठरवून दिले गेले. शिबिरे भरली, लूप बसले. आणि मग अनेक बायकांना रक्तस्राव, वेदना सुरू झाल्या तेव्हा ज्यांनी लूप बसवला ते डॉक्टर जवळ नव्हते. गावोगाव भीती पसरली आणि दोनेक वर्षांतच मोहीम ओसरली. कृत्रिम संततिनियमनाला विरोध करणाऱ्या गांधीजींच्या शिष्येच्या मंत्रिपदात हे घडावे, हा दैवाचा खेळच. मी कादंबऱ्या लिहितो. तरी त्यांच्या मनात शिरून काही लिहिणार नाही. घटनांचा क्रम एवढाच, की आकड्यांनी चालणारे आरोग्यखाते जिने वरून पाहिले, तीच बाई मंत्रिपदानंतर दोन वर्षांनी एका खेड्यात महाविद्यालय काढायला गेली.

ते साल १९६९. गांधीजींची जन्मशताब्दी. त्या वर्षीच्या जुलैत चौदा बँकांचे राष्ट्रीयीकरण झाले आणि बँकेने खेड्यात जावे असे ठरले. ऑगस्टमध्ये सेवाग्रामला महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्था सुरू झाली आणि डॉक्टरने खेड्यात शिकावे असे ठरले. योगायोगाने त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एनिड बालिंट यांनी रोगीकेंद्री वैद्यक ही कल्पना मांडणारा निबंध प्रसिद्ध केला. सेवाग्रामला तो शब्द कोणी वापरत नव्हते. तिथे एक वेळापत्रक आखले जात होते.

त्या वेळापत्रकातच सारे आहे. नव्या विद्यार्थ्याने आधी गांधीजींच्या आश्रमात पंधरा दिवस राहायचे. पहाटे उठायचे, प्रार्थना, सूतकताई, झाडलोट, आपले ताट आपण घासायचे. शरीररचनेचा पहिला तास त्यानंतर. खादी घालायची, शाकाहारी राहायचे, श्रमदान करायचे. मग पहिल्याच वर्षात जवळच्या एका खेड्यात शिबिर. सगळी तुकडी तिथेच मुक्कामाला. प्रत्येकाला काही कुटुंबे वाटून दिलेली. घरात माणसे किती, कमावते कोण, चूल कोणती, पाणी कुठले, बाळंतपण कुठे झाले, हे विचारायचे. वजने घ्यायची, तपासायचे. शिबिर संपले तरी नाते संपत नाही. पुढची वर्षे त्याच गावात, त्याच घरांत जात राहायचे. बरोबर शिक्षकही असतात. आणि त्या घरातले कोणी आजारी पडले, तर सेवाग्रामच्या रुग्णालयात त्याला ओळखणारा एकजण असतो, मग तो अजून विद्यार्थी का असेना.

याने काय साधते? समजा, बाह्यरुग्ण विभागात एका बाईंना गोळ्या लिहून दिल्या: दिवसातून तीनदा, जेवणानंतर. बाई महिन्याने येतात, साखर तेवढीच वाढलेली. केस पेपरवर शेरा पडतो, की रोगी औषध नीट घेत नाही. आता हाच विद्यार्थी त्यांच्या घरी गेला, तर त्याला दिसते की बाई सूर्य उगवायच्या आत डबा घेऊन शेतावर जातात, जेवतात दोनदाच, आणि सगळ्यांची जेवणे झाल्यावर. गोळ्यांतल्या निम्म्या त्या सासऱ्यांना देतात, कारण त्यांनाही तोच आजार आहे आणि दोघांसाठी परवडत नाही. आता चूक कोणाची? औषधाचे नाव बरोबर होते; चिठ्ठी मात्र दुसऱ्याच कुणा बाईंसाठी लिहिलेली होती. हे व्याख्यानातून सांगितले तर मुले वहीत उतरवून घेतील आणि परीक्षेनंतर विसरतील. ओसरीवर बसून, हातात चहाचा कप असताना कळले, तर सहसा विसरणार नाहीत.

या पद्धतीने माणसांकडे पाहिले की संस्थेलाही नव्या गोष्टी सुचतात. सेवाग्रामचे डॉ. उल्हास जाजू यांनी गावकऱ्यांसाठी आरोग्यविम्याची योजना आखली, तिचा हप्ता ज्वारीत घेतला जाई. सुगीत ज्याची जशी ऐपत तशी ज्वारी द्यायची, गरज पडेल तेव्हा उपचार घ्यायचे. बँकेत हयात घालवलेल्या माझ्यासारख्याला या योजनेचे मोठे कौतुक वाटते. शेतकऱ्याच्या हाती रोकड कधी असते आणि धान्य कधी असते, हे ज्याला कळते त्यालाच असा हप्ता सुचतो. ते कळायला त्याच्या घरात जावे लागते.

सेवाग्रामला सुशीलाबेनना सगळे बडी बहेनजी म्हणत. त्या शिस्तीच्या फार कडक. खादीची सक्ती कशाला, प्रार्थनेला हजेरी कशाला, असे विसाव्या वर्षी कोणत्या मुलाला वाटणार नाही? सेवाग्राममध्ये शिकूनही शहरांत मोठी इस्पितळे काढणारे, परदेशी जाणारे पुष्कळ निघाले. पदव्युत्तर प्रवेशासाठी दोन वर्षे ग्रामीण सेवेची अट घालावी लागली, यातच सारे आले. नुसत्या संस्काराने सगळे खेड्यात राहिले असते तर अटीची गरज पडती ना. म्हणून या प्रयोगाला जादू समजण्याचे कारण नाही. पण शहरात गेलेल्या डॉक्टरलाही केबिनमध्ये बसल्यावर समोरच्या माणसाच्या मागे एक घर दिसू लागले असेल, तर शिक्षणाने आपले काम केले म्हणायचे.

आता हीच कल्पना देशाचा नियम झाली आहे, आणि इथे मला थोडी धास्ती वाटते. त्याचे कारण माझ्या नोकरीत आहे. राष्ट्रीयीकरणानंतर बँकांनी गावे दत्तक घेतली. कल्पना उत्तम होती. मी नोकरीला लागलो तोवर ऐंशीचे दशक आले होते, आणि गावाच्या वेशीवर पाटी, फायलीत आकडे आणि महिनाअखेरीस वरच्या कार्यालयाला पाठवायचा तक्ता, असे त्या दत्तकविधानाचे रूप झाले होते. एकच म्हैस चार कर्जदारांच्या दारात फोटोसाठी उभी राहते, हा किस्सा त्या काळी मराठवाड्यात कुठल्याही चहाच्या टपरीवर ऐकू येई. जिथे अधिकारी एकाच शाखेत टिकला, शेतकऱ्याच्या बांधावर गेला, तिथे कर्जाने घरे उभी राहिलेलीही मी पाहिली. योजना तीच, कागद तेच. फरक पडे तो माणूस पुन्हा पुन्हा त्याच दारात गेल्याने. डॉक्टरकीच्या विद्यार्थ्याच्या नोंदवहीचे तसे झाले तर? एका दिवसात बसमधून शंभर पोरे गावात उतरली, रक्तदाब मोजले, सह्या घेतल्या, परत गेली. वही भरली, कुटुंब तसेच राहिले. दत्तक हा शब्द आपल्याकडे फार जबाबदारीचा आहे. तो वापरून निघून गेलेला माणूस गावाच्या लक्षात राहतो.

जालन्यात तर हे काम आणखी अवघड आहे. अंबड, घनसावंगी, मंठा, परतूर या भागांतली कितीतरी कुटुंबे दसरा-दिवाळी झाली की ऊसतोडीला निघतात, ती उन्हाळ्याच्या तोंडाशी परततात. नोव्हेंबरात गेलेल्या विद्यार्थ्याला दाराला कुलूप दिसेल, ओसरीवर म्हातारी आणि दोन नातवंडे दिसतील. त्याने वहीत कुटुंब उपलब्ध नाही असे लिहिले, तर नियम पाळला गेला. त्याने म्हातारीपाशी बसून विचारले, की गर्भार सून फडावर आहे तर तिच्या तपासण्या कोण करते, मुकादमाकडे सुटी मागता येते का, नातवंडांची लस चुकली का. तर त्याचे शिक्षण सुरू झाले. एका कुलपात आमच्या जिल्ह्याच्या आरोग्याचा निम्मा अभ्यासक्रम आहे. ते कुलूप वाचायला शिकवणारा शिक्षक मात्र विद्यार्थ्याच्या बरोबर असायला हवा. सेवाग्रामच्या वेळापत्रकातले सर्वांत महागडे कलम तेच होते: शिक्षकाचा वेळ.

सुशीलाबेननी लग्न केले नाही. १९७७ मध्ये त्या पुन्हा एकदा झाशीतून निवडून आल्या, नंतर राजकारण मागे टाकून सेवाग्रामच्या झाल्या. १९८२ मध्ये प्यारेलाल गेले. त्यांनी आयुष्यभर लिहीत आणलेले गांधीजींचे विस्तृत चरित्र अपुरे राहिले होते. बहिणीने उतारवयात ते काम हाती घेऊन पुरे केले. ३ जानेवारी २००१ रोजी, वयाच्या शहाऐंशीव्या वर्षी, त्या गेल्या. ज्या मुलीला वयाच्या तिसाव्या वर्षापर्यंत पटकीची साथ, कुष्ठरोगी पंडित, हट्टी महात्मा आणि बंदिवासात मरणारी म्हातारी या चौघांनी शिकवले, तिने आपले हे शिक्षण कोणत्याही पुस्तकात बंद केले नाही. ज्या परिस्थितीने आपण शिकलो तशीच परिस्थिती विद्यार्थ्याभोवती उभी करायची, एवढे तिने केले. माणुसकीवर गुण देता येत नाहीत. माणसाच्या दारापर्यंत मात्र विद्यार्थ्याला नेता येते.

आमच्या जिल्ह्यातल्या गावांनाही यात करण्याजोगे काही आहे. उद्या एखादी पांढरा कोट घातलेली, बावरलेली मुलगी हातात वही घेऊन तुमच्या अंगणात आली, तर तिला सरकारी पाहणीवाली समजून दारातूनच वाटेला लावू नका. तिला आत बोलवा, घोंगडी टाका, चहा द्या, आणि खरे काय ते सांगा: गोळ्या का घेतल्या नाहीत, दवाखान्याची भीती का वाटते, मागच्या वेळी कोणता डॉक्टर कसा बोलला. आणि पुढच्या महिन्यात ती आली नाही, तर का आली नाही हेही महाविद्यालयाला विचारा. ती उद्या ज्या खुर्चीत बसणार आहे, त्या खुर्चीसमोर आपलीच मुलेबाळे स्टुलावर बसणार आहेत.